टाळूचा वास

तान्ह्या बाळाचं ऑपरेशन झालं की आईबाप सुटकेचा श्वास सोडतात. आम्ही तेव्हा घड्याळ हातात घेतो.

महिना-दीड महिन्याचं बाळ, त्यातून दिवस भरायच्या आधी जन्मलेलं, भुलीतून जागं झालं तरी पुरतं जागं होत नाही. शांत पडून असतं, श्वास घेत असतं, आणि मध्येच श्वास घ्यायचं विसरतं. रडत नाही, तडफडत नाही, नुसतं थांबतं. आपण आतल्या खोलीत जातो आणि कशाला आलो होतो तेच आठवत नाही, तसं. मग त्याच्या तळव्याला टिचकी मारायची. बहुतेक वेळा त्याला आठवतं.

हे विसरण्याचे सेकंद मोजायचं काम तीन वर्षं माझ्याकडे होतं.

आमच्या भूल देणाऱ्या मॅडमना एक गोष्ट ठरवायची होती. हर्नियाच्या ऑपरेशनला येणाऱ्या तान्ह्यांना द्यायचे दोन वायू आमच्याकडे होते, एक जुना आणि एक नवा. कोणत्या वायूनंतर बाळं जास्त वेळा थांबतात? प्रश्न एवढाच. मॅडमनी साठ बाळं ठरवली, तीस याची, तीस त्याची. आईबापांना बसवून समजावलं, सह्या घेतल्या. कोणाला कोणता वायू ते बंद पाकिटात, आणि पाकीट फोडायचं ते थिएटरच्या आत गेल्यावर. भुलीच्या मशीनवर हिरवा कपडा टाकलेला. बाहेर पहाऱ्याच्या खोलीत बसलेल्या मला काही म्हणजे काही कळता कामा नये.

"सिस्टर, तुम्हाला कळलं की सगळं मुसळ केरात," मॅडम म्हणायच्या. "आपलं मन फार लबाड असतं. ज्याच्यावर संशय, त्याच्याच खिशात हात घालतं."

माझी निवड झाली कारण तान्ह्यांच्या वॉर्डात माझी बावीस वर्षं गेलेली. शिवाय विभागाचे मोठे सर एकदा म्हणाले होते, "ही बाई बिळासमोर मांजर बसावं तशी बसते." मी ते कौतुक म्हणून घेतलं. आमच्याकडे कौतुक असंच मिळतं.

खोली लहान. एक पाळण्याएवढी खाट, माझी खुर्ची, आईसाठी स्टूल, आणि समोरच्या इमारतीकडे उघडणारी एक खिडकी. बाळाच्या पायाला लाल दिव्याचा चिमटा. रक्तातला प्राणवायू उतरला की त्याचं मशीन ओरडतं, पण तेही उतरल्यावर. त्याआधीचं थांबणं डोळ्यांनीच बघावं लागतं. छाती हलते का, पोट हलतं का. पंधरा सेकंद थांबलं की कागदावर एक रेघ, आणि शेजारी सेकंद. असे सहा तास.

हे काम घरी घेऊन जाऊ नये असं म्हणतात. आमचे 'हे' सोफ्यावर आडवे होऊन घोरायला लागले की मध्येच त्यांचं घोरणं बंद पडतं. तळव्याला टिचकी बसली की धडपडून उठायचे.

"काय झालं?"

"श्वास थांबला होता तुमचा."

"किती वेळ?"

"अकरा सेकंद."

"मग पंधरा होऊ द्यायचे ना! नियम तुझाच आहे की."

साठावं बाळ झालं आणि त्यानंतरच्या मंगळवारी मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर मोठा तक्ता पसरला होता. त्यांनी स्वतः माझ्यासाठी चहा ओतला, म्हणजे काहीतरी विशेष होतं.

"बसा. हे बघा, तुमच्या रेघांनी निकाल दिला." त्यांनी पेन्सिल फिरवली. "जुन्या वायूची तीस बाळं. दुसऱ्या तासानंतर सगळ्यांच्या मिळून रेघा किती? चार. आणि नव्याच्या एकोणीस! इतका फरक मला वाटलाच नव्हता. मोठे सर तर हवेत आहेत. जुना वायू दिलेल्या बाळाला आता दोन तासांनी वॉर्डात हलवायचं. पहाऱ्याची खोली मोकळी, एका दिवसात एकाऐवजी तीन ऑपरेशनं घेता येतील. परवा गुरुवारी मीटिंग आहे, की पहिल्या तारखेपासून नियम."

वॉर्डात चाळीस खाटा आणि दोन सिस्टर. तिथे कोणी कोणाकडे टक लावून बसत नाही, बसूच शकत नाही.

मी तक्ता बघत होते. जुन्या वायूचे रकाने तिसऱ्या तासापासून पांढरेशुभ्र होते, वाळत घातलेल्या चादरींसारखे. त्यातल्या एका ओळीत, एकतीस नंबरसमोर, माझी एक रेघ होती. शेजारी माझ्याच अक्षरात: १५.

चहा तसाच ठेवला.

"काय झालं, सिस्टर? साखर कमी आहे का?"

"नाही, नाही. बरोबर आहे," मी म्हणाले आणि उठले.

साखर बरोबर होती. बाकी काहीच बरोबर नव्हतं.

थिएटरमधून बाळ माझ्या हातात आलं की मी त्याला खाटेवर ठेवण्याआधी एकदा नाकाशी धरते आणि त्याच्या टाळूचा वास घेते. माझ्या लेकाचा घेतला, नणंदांच्या पोरांचा घेतला, वॉर्डातल्या हजारो बाळांचा घेतला. त्यात ठरवण्यासारखं काही नाही, समोर टाळू आली की मान आपोआप खाली जाते. दुधाचा, उबेचा, जरा ओल्या पिठासारखा वास. तर थिएटरमधून आलेल्या बाळांना त्यावर अजून एक वास असायचा. काहींना गोडसर, फार पिकलेल्या फळाचा. काहींना उग्र, नुकतं रंगवलेलं कपाट उघडावं तसा. गोडसर वास मी नवखी असल्यापासून ओळखत होते, तो जुना वायू. म्हणजे उग्र तो नवा. पहिल्या चार-पाच बाळांतच मला कळून चुकलं होतं.

मॅडमनी पाकिटं केली, मशीनवर कपडा टाकला, माझे डोळे बांधले, कान बांधले. नाक कोणाच्या लक्षातच आलं नाही.

आणि मी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही हो. मला वाटलं, मला कळलंय पण मी कोणाला सांगत नाहीये, म्हणजे गुपित राखलंच की! थोडा अभिमानही वाटला. मशीनला जे कळत नाही ते मला कळतं.

नव्या वायूवर माझा भरवसा नव्हता. नवं म्हटलं की माझं असंच होतं, घरात मिक्सर आला तेव्हाही महिनाभर झालं होतं. उग्र वासाचं बाळ आलं की मी खुर्चीच्या कडेवर बसायचे, डोळ्यांत तेल घालून. गोड वासाचं आलं की माझी पाठ खुर्चीला टेकायची. तेवढंच. कागदावर मी एकही खोटी रेघ मारली नाही. एकतीस सोडून.

एकतीस नंबर गोड वासाचा होता. दीड वर्षापूर्वी, दुपारी तीनच्या सुमाराला. त्याची आई शिवणकाम करणारी, बोटं सुया टोचून टोचून खरखरीत झालेली. सकाळपासून स्टुलावर बसून होती, पाणीसुद्धा प्यायली नव्हती. तिसरा तास चालू होता. बाळाने पाय झाडून चिमटा सैल केला आणि मशीन उगाच बोंबलायला लागलं, म्हणून मी त्याचा आवाज दोन मिनिटांपुरता बंद केला. चिमटा लगेच बसवायचा. बसवणारच होते. पण समोरच्या इमारतीत दोन माणसं एक कपाट दारातून आत घालायला बघत होती. उभं जाईना, आडवं जाईना. एक म्हणे माझ्याकडे ओढ, दुसरा म्हणे तुझ्याकडे. मला हसू आलं. मी खिडकीपाशी गेले आणि बघत राहिले.

वळले तेव्हा बाळाचे ओठ राखेच्या रंगाचे होते.

टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली, जोरात. काही नाही. मास्क लावला, फुगा दाबला, एकदा, दोनदा. मग छाती स्वतःहून वर आली आणि तो रडला. इतका बारीक रडला की जणू लांबून कुठून तरी येत होता.

"थांबला होता का हो?" आईने विचारलं.

"थोडासा," मी म्हणाले.

कागद पुढे ओढला. किती सेकंद? मला माहीत नव्हतं. पंधरा हा आकडा कागदाच्या डोक्यावर छापलेलाच होता. तोच उचलला आणि खाली ठेवला.

बाळ दुसऱ्या दिवशी घरी गेलं, ठणठणीत. माणूस मेलं की त्याचं भूत होतं म्हणतात. इथे तर कोणी मेलं नव्हतं. तो जिवंत होता, कुठेतरी रांगत असेल, भिंती चाटत असेल. पण त्याचे ते न मोजलेले सेकंद मागे राहिले आणि माझ्या घरी राहायला आले. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये जराशी थबकली की ते तिथे असायचे. नळाचं पाणी जायच्या आधी पाइपात जी शांतता होते, तिच्यात असायचे. समोरचं माणूस बोलता बोलता शब्द शोधायला थांबलं, की मी ऐकायचं सोडून मोजायला लागायचे. जाऊबाई एकदा म्हणाल्या, "तुम्ही माझ्या तोंडाकडे अशा काय बघता, मला दातात काही अडकलंय का?"

मंगळवारी संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ते भाजी निवडत होते.

"कोणी विचारलंय का तुला?"

"नाही."

"मग गप्प बस ना. नोकरीची चार वर्षं राहिलीत."

ते बराच वेळ एकाच देठाशी झटत राहिले.

"ती पोरं दोन तासांनी वॉर्डात नेणार म्हणालीस. तिथे तिसऱ्या तासाला कोण असतं?"

"कोणी नसतं."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "सांगून टाक बाई. नाहीतर टिचक्या मारून मारून मला मारशील."

बुधवारी ड्यूटी संपल्यावर मी मॅडमच्या दारात उभी राहिले. त्या उद्याच्या भाषणाचे कागद लावत होत्या.

"मला कळत होतं, मॅडम," मी म्हणाले. "कोणाला कोणता वायू दिलाय ते."

त्या हसल्या. "कसं कळेल? पाकीट मी फोडायचे."

"वासावरून."

"तासाभराच्या ऑपरेशननंतर? बाहेरच्या खोलीत? काहीतरीच काय, सिस्टर! दमलायत तुम्ही."

"तुमची यादी काढा. नंबर विचारा."

त्यांनी कपाटातून कुलपातली यादी काढली, चेष्टाच करत होत्या अजून. "बरं. दोन नंबर?"

"कानामागे लव असलेला. उग्र. नवा वायू."

"सात?"

"जुळ्यांतली धाकटी. गोड."

"बारा?"

"आजोबा बाहेर मोठमोठ्याने जांभया देत होते तो. गोड."

त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. अठरा, तेवीस, चाळीस. माझ्या डोळ्यांसमोर एकेक टाळू येत होती आणि मी सांगत होते. बाविसावं बरोबर आल्यावर त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. ती घरंगळत खाली पडली, कोणी उचलली नाही.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी त्या मशीनवर पडदा टाकत होते. प्रत्येक बाळाला. गाठी मारून. आणि तुम्ही बाहेर बसून..."

"हुंगत होते."

त्यांना हसू फुटलं, वाईट हसू. मग त्यांनी डोळे पुसले.

"पण मोजलंत तर खरं ना? वास आला म्हणून मारलेली रेघ काही खोटी होत नाही."

"मारलेल्या खऱ्या आहेत, मॅडम. न मारलेल्यांचं मी सांगू शकत नाही. गोड वास आला की मी तितकी बघत नव्हते. तो तक्ता पांढरा आहे तो बाळं थांबली नाहीत म्हणून की मी टेकून बसले होते म्हणून, हे आता कोणालाच सांगता येणार नाही."

"हे मला आधीच का नाही सांगितलंत?"

"काल तो तक्ता बघेपर्यंत मलाच उमगलं नव्हतं."

"काहीच?"

मी खाली बघितलं. "एकतीस उमगला होता."

मग कपाट, खिडकी, बंद केलेलं मशीन, राखेचा रंग, सगळं सांगितलं. मॅडम उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता आवाज चढेल. त्या रागावल्या की आधी चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढला, आणि नुसता हातात धरून राहिल्या.

"किती सेकंद?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"मॅडम, एकदा अंदाजे लिहिलंय. पुन्हा नका लिहायला लावू."

बाहेर कोणीतरी फरशी पुसत होतं, ओल्या फडक्याचा आवाज येत-जात होता. मग त्या म्हणाल्या, "त्या आईला सांगावं लागेल. मुलाला एकदा बोलावून नीट तपासावंही लागेल. मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी."

गुरुवारी मीटिंगमध्ये मला आत बोलावलं नव्हतं, पण दाराजवळ औषधांची ट्रॉली बराच वेळ पुसावी लागली. मॅडमनी माझं नाव घेतलं नाही. "मोजणाऱ्याला औषध ओळखू येत होतं," म्हणाल्या, "आणि ही चूक योजनेची, म्हणजे माझी. निकाल मागे घेते."

"तीन वर्षं घालवलीत," मोठे सर म्हणाले, "आणि हातात काय आलं?"

"सहा तास," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही वायूंना सहा तासांचा पहारा. पहिला होता तसाच. एक मिनिट कमी नाही."

सर बरंच काही बोलले. खाटांबद्दल, रांगेबद्दल, आणि बायकांनी चालवलेल्या अभ्यासांबद्दल एक वाक्य, ते मी ऐकलं नाही असं ठरवलंय. पण नियम बदलला नाही. मला पहाऱ्याच्या खोलीतून काढून लसीकरणाला बसवलं. एक लेखी समज मिळाली. ती योग्यच होती, फक्त तिच्यात 'हुंगणे' हा शब्द चारदा होता. मॅडम पुन्हा पहिल्यापासून सुरू करताहेत. आता तीन सिस्टर आळीपाळीने मोजतात, आणि बाळ यायच्या आधी नाकाखाली झणझणीत बाम चोळतात. सहा तास त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत असतं. जाता-येता माझ्याकडे बघतात, ते मला कळतं.

मीटिंगच्या दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, मी लसीकरणाच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि फाइलमधला नंबर फिरवला. पलीकडे शिवणयंत्र चालू होतं.

"मी हॉस्पिटलमधली सिस्टर बोलतेय. पहाऱ्याच्या खोलीतली."

यंत्र थांबलं. "आवाजावरून कळलं."

"तुमचा मुलगा कसा आहे?"

"चालतो आता. चालतो कसला, पळतो. काल गिऱ्हाइकाचा ब्लाउज घेऊन जिन्यापर्यंत गेला."

"मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी तो थांबला, तेव्हा मी त्याच्याकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत होते. कागदावर पंधरा सेकंद लिहिलं ते खोटं होतं. किती वेळ थांबला होता ते मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

मी टेबलाची कड धरली.

"एक्केचाळीस. दुपारपासून तुम्हाला बघून बघून मी पण मोजायला लागले होते. बोटांवर."

माझ्या तोंडातून नको तेच बाहेर पडलं. "मग हाक का नाही मारलीत?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना सकाळी, मोजताना मध्ये बोलू नका म्हणून, मोजणी चुकते. मला वाटलं तुम्ही मोजताय. पाठमोऱ्या असलात तरी सवयीच्या माणसाला येत असेल मोजता. विसाला वाटलं, आता वळतील. तिसाला वाटलं, हे असंच असेल, यांचा काहीतरी हिशेब असेल. मग तोंड उघडायला गेले तर आवाजच येईना. घरात कोणाला बोलले नाही, सिस्टर. काय सांगणार? आई समोर बसून आकडे म्हणत होती?"

"चूक तुमची नाही. माझी आहे. पूर्ण माझी. हे मी तुम्हाला लिहून देईन."

"लिहून नको." मग हळू आवाजात, "अजून मोजते मी. तो झोपला की. हातातलं काम टाकून मोजत बसते. कधी बंद करू?"

हे मात्र मला माहीत होतं. पंचवीस वर्षांत एवढं तरी शिकले होते. "ते वय गेलं त्याचं, केव्हाच गेलं. एवढी मोठी मुलं श्वास विसरत नाहीत."

"नक्की?"

"याबाबतीत नक्की. तरी मॅडम एकदा तपासणार आहेत. सोमवारी आणा त्याला."

"तुम्ही असाल?"

"लसीच्या खोलीत असेन. मला बघून तो रडेल, तिथे सगळेच रडतात."

ती जरा हसली. मग म्हणाली, "आत्ता झोपलाय तो. इथेच, कापडाच्या ढिगावर. फोन त्याच्या जवळ नेऊ? ऐकता?"

"नको," मी म्हणाले. "उठेल उगाच."

ते कारण नव्हतं. तिला ते कळलं असावं, कारण तिने आग्रह केला नाही. एक्केचाळीस मी कागदावर लिहून घेतलं, मॅडमना द्यायला. निरोप घेऊन झाला, पण तिने फोन बंद केला नाही, तसाच टेबलावर ठेवला असणार. यंत्र पुन्हा सुरू झालं. आधी हळू, मग एका लयीत, लांबलचक सरळ शिवण असावी. मीही फोन कानाला लावूनच उभी होते. दाराबाहेर बायका पोरांना घेऊन रांगेत होत्या, कोणीतरी दार वाजवलं.

मध्येच यंत्र थांबलं. दोरा तुटला असेल, कापड फिरवत असेल. एक, दोन, तीन, चार. बाहेर पुन्हा दार वाजलं. पाच, सहा, सात, आठ.

नवाला सुरू झालं. मग मी फोन ठेवला आणि दार उघडलं.